पेढे वाटल्यानंतरचं दुखणं

यंदा थंडी आली ती भांडायलाच आली. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच एका सकाळी वावरात पाय टाकला, तर धुऱ्याच्या बांधावरचं गवत दवानं पांढरं आणि कालव्याच्या पाण्यावर वाफ. फुलकोबीच्या पहिल्या गड्ड्यावर विळा मारला, पानांत साचलेलं गार पाणी कोपरापर्यंत उडालं, आणि छातीनं लगेच ओळखलं. आलीस का गं बाई, म्हटलं. थंडीला म्हटलं की दुखण्याला, ते मलाही सांगता यायचं नाही. विळा खाली ठेवला, मफलर नाकावर ओढला आणि धुऱ्यावर बसून राहिले. आमचे हे चार तास, म्हणजे चार ओळी, पलीकडे कापत होते. त्यांनी नुसतं पाहिलं आणि माझ्या वाटची रांग स्वतः कापायला घेतली.

लोकांना भाजीचा धंदा फार मायेचा वाटतो. सेलूच्या बाजारात नागपूरकडच्या गाड्या थांबतात, बाया उतरतात, सांभाराची, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीची, जुडी नाकाशी नेतात आणि म्हणतात, किती फ्रेश! अरे बाप्पा! पहाटे येऊन पाहा ना एकदा. आमचा सगळा जन्म कापण्यात, उपटण्यात आणि चिरडण्यात जातो. मुळा शेंडी धरून ओढायचा. कोबीची मान एका घावात उडवायची. अळी दिसली की अंगठ्याखाली, उंदीर दिसला की कुदळीखाली. रताळ्यात रानडुकरं शिरली तेव्हा आमच्या काळ्या कुत्र्याचं पोट त्यांनी उभं फाडलं होतं, आणि यांनी तिथेच कुऱ्हाड घेऊन एकाचा पाठलाग केला होता कालव्यापर्यंत, लुंगी फाटेस्तोवर. मी मराठी घेऊन बी.ए. केलंय. कॉलेजात असताना मळ्याबिळ्याच्या कविता मलाही आवडायच्या. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच महिन्यात विळ्यानं माझं बोट हाडापर्यंत कापलं, तेव्हापासून कवितांचं आणि माझं जमलं नाही.

हे सगळं सांगते कारण मी काही नाजूक बाई नाही. दुखलं की डोळ्यांत पाणी आणणारी तर मुळीच नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जे दुखायला लागलं त्यानं मला जनावरासारखं मातीत लोळवलं, आणि मी लोळतेय हे कोणालाच दिसेना.

पहिल्यांदा असंच फुलकोबी कापत होते. वाटलं, समोरून कोणी छातीत लाथ घातली. समोर तर कोबीच कोबी. मग ती लाथ तिथेच रुतली आणि वर जबड्यात चढली, डाव्या हातात उतरली. दोन बाया दोन टोकांना धरून ओली चादर पिळतात, तसं आत कोणी पिळत होतं, आणि पाणी संपलं तरी पिळणं थांबत नव्हतं. मी गड्ड्यांवर आडवी पडले. ओरडायला गेले तर तोंडात माती आली.

"शोभे! काऊन वं? काय झालं?" हे धावत आले. त्यांनी मला उचललं, भाजीच्या गाडीत कोबीच्या पोत्यांवर निजवलं आणि वर्ध्याच्या रस्त्याला गाडी अशी हाणली की प्रत्येक खड्ड्यात मी एकदा मेले.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात माझ्या मनगटातून तार घातली, हृदयापर्यंत नेली, औषध सोडून फोटो काढले. डॉक्टर भला माणूस होता. पडद्यावर माझ्या हृदयाच्या नळ्या यांना दाखवत म्हणाला, "बघा, भाऊ. एकदम साफ. कुठे काही अडकलेलं नाही. वहिनींना काहीही झालेलं नाही." यांनी डॉक्टरचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. आणि दुसऱ्या दिवशी चौकातून पेढे आणले.

आमच्या इकडे रिपोर्ट चांगला आला की पेढे वाटतात. पोरगी पास झाली की वाटतात, म्हैस व्याली की वाटतात, तसे शोभाच्या नळ्या साफ निघाल्या म्हणून वाटले. यांनी स्वतः घरोघर जाऊन वाटले. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी बाईच म्हणते, मारुतीपुढे नारळ फोडला. मीसुद्धा खाल्ला पेढा. गोड होता, खोटं कशाला बोलू.

आणि तिथेच घात झाला. पेढे वाटून झाल्यावर दुखायचं नसतं. चार दिवसांनी हापशीवर बादली उचलली आणि पुन्हा तीच लाथ बसली. मी हापशीचा दांडा धरून वाकले, तर शेजारची मंदा म्हणाली, "आता कायले दुखते वं? पेढे खाल्ले ना आमी!" ती चेष्टेनं म्हणाली होती. पण गावानं मग तेच धरलं. पेढा म्हणजे जणू मी लिहून दिलेला करार, की यापुढे ही बाई छातीला हात लावणार नाही.

डॉक्टरही मग त्याच गावचे झाले. नळ्या साफ आहेत म्हटल्यावर एकानं गॅस सांगितला, दुसऱ्यानं टेन्शन. तिसरा माझ्याकडे न पाहता यांना म्हणाला, "या वयात बायकांना असं होतं. जरा कामात गुंतवून ठेवा." कामात! पहाटेपासून कमरेत वाकलेल्या बाईला अजून कोणत्या कामात गुंतवणार होता रे तू? त्याच्या टेबलावर काचेचा एक जड गोळा होता, कागद दाबायचा. तो उचलून त्याच्याच डोक्यात घालावा असं मला इतकं वाटलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. राग आला की दुखणं वाढायचं, आणि दुखणं वाढलं की राग. थंडीत वाढायचं, चढावर वाढायचं, रडलं तरी वाढायचं. म्हणजे रडायचीही सोय नव्हती.

आपल्या अंगात रोज कोणी मारहाण करतंय आणि अंगावर वळ एकही उठत नाही, हे फार वाईट. नवऱ्यानं मारलेली बाई निदान पदर बाजूला करून दाखवू शकते. मी काय दाखवणार? माझ्याकडे साफ नळ्यांचे फोटो होते. ते माझ्याच विरुद्ध साक्ष देत होते.

मग सेलूच्या बाजाराचा तो दिवस आला. बाजार भरात होता, वांगी संपत आली होती, गारठा असा की बोटांना तराजू जाणवत नव्हता. मी मधूनच छाती धरून खाली बसले. गिऱ्हाईक खोळंबलं. यांच्याही डोक्यावर महिन्याभराचं सगळं साचलं होतं, दवाखान्याच्या खेपा, लोकांचं बोलणं. ते फुटले. सगळ्या बाजारासमोर ओरडले, "पुरे कर ना वं आता थे नाटक! काही नाई झालं तुले! डॉक्टरनं सांगतलं ना, काही नाई झालं!" आणि पालकाच्या टोपल्याला लाथ घातली. पालक चिखलात.

माझ्या हाताशी किलोचं लोखंडी माप होतं. मी ते उचललं आणि जीव खाऊन त्यांच्या तोंडावर फेकलं. ते वाकले म्हणून वाचले. माप मागच्या कोहळ्यावर बसलं, कोहळं दुभंगलं, बिया उडाल्या. मी दुसरं माप उचललं. बाया किंचाळल्या. "ये ना!" मी ओरडत होते, "ये! तुले दाखवतो मी कसं दुखते थे! तुही छाती फोडतो आज!" दुसरं माप हातातून सुटायच्या आधीच मी पडले. नंतर बरेच जण म्हणाले की शोभानं नवऱ्याची माफी मागायला पाहिजे. मी मागितली नाही. नेम चुकला एवढंच मला वाईट वाटलं होतं, आणि कोहळं वाया गेल्याचं.

हे मात्र त्या दिवसापासून गप्प झाले. घाबरले की काय, देव जाणे. मी दुकानावर बसल्या बसल्या मोबाईलवर शोधायला लागले. मराठीत शोधलं, हिंदीत शोधलं, छातीत दुखतं पण अँजिओग्राफी नॉर्मल. आणि तिथे सापडलं की हे असतं. याला नाव आहे, मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना. मोठ्या नळ्या साफ असतात, पण त्यांच्यापुढे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, ते फोटोत दिसतच नाही. त्या वाहिन्या उघडायच्या वेळी उघडत नाहीत, किंवा आवळून घेतात. बायकांना हे जास्त होतं, आणि पुष्कळ जणींना घरी परत पाठवतात, काही नाही म्हणून. वाचता वाचता मी सांभाराच्या ढिगावर डोकं ठेवलं. अहो, मोठा पाट तुडुंब वाहतो आणि वाफ्यात पाण्याचा थेंब जात नाही, हे आमच्यातल्या कोणालाही कळेल. मग पाटाचा फोटो काढून ओलीत झालं असं कोण म्हणतं?

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात गेले, तिथल्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, असू शकतं; पण याची खास तपासणी करणाऱ्या एक डॉक्टर नागपूरला आहेत, त्यांच्याकडे जा. नंबर लागायला वेळ होता. यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ ना नागपूरले. म्या कुठी नाई म्हणतो?" मग, अगदी खरी चिंता करत, "पन काही निंगालं तं लोकायले काय सांगू? पेढे वाटले ना बापा."

मला हसू आलं, आणि हसले म्हणून दुखलं.

नंबर लागायच्या आधी बाईंनी मध्ये हात घातला. बाई म्हणजे काटकुळी, काळीसावळी, बोलणं कमी. त्यांनी आजवर मला नाटकी म्हटलं नव्हतं आणि बिचारीही म्हटलं नव्हतं. एका दुपारी मी अंगणात उन्हाला भिंतीशी मुटकुळं करून पडले होते. त्या समोर येऊन बसल्या. "कुठी दुखते? बोट ठेव."

मी बोट ठेवलं.

"आनखी कुठी कुठी जाते?"

मी दाखवत गेले. त्या पाहत गेल्या, सावकाश, वावरात कीड कुठवर गेली ते पाहावं तशा. मग आत जाऊन बिब्बा घेऊन आल्या. बिब्ब्याचं फळ टोकदार सुईला टोचून निखाऱ्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. ते कातडीला लागलं की कातडी जळते, फोड येतो. आतलं दुखणं त्या वाटेनं बाहेर निघतं असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या मानतात. मला माहीत होतं की याचा काही उपयोग नाही. बी.ए. होते मी, मोबाईलवर इतकं वाचलं होतं. तरी मी पोलक्याची बटणं काढली.

"लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा, बाई."

पहिला चटका बसला आणि माझे दात एकमेकांवर घासले. चरचर आवाज आला. वास आला, माझ्याच कातडीचा. दुसरा, तिसरा. डाव्या छातीवर, फासळीवर, खांद्याखाली, जिथे जिथे बोट ठेवलं होतं तिथे तिथे. बाई सुई पुन्हा निखाऱ्यावर धरायच्या आणि पुन्हा टेकवायच्या. त्यांच्या डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात गुंतले होते. मी ओरडले. आणि खरं सांगू का? बरं वाटलं. दुखणं गेलं नाही, काडीचंही गेलं नाही. पण महिनाभर जे कोणाला दिसत नव्हतं ते आता काळंनिळं होऊन, फुगून, पाणी धरून वर आलं होतं. तुम्ही हे करू नका. मी सांगते म्हणून कोणी करू नका. पुढे त्यानं माझे किती हाल झाले ते मलाच माहीत.

हे, बाई आणि मी नागपूरला गेलो तेव्हा फोड पिकले होते. त्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला पडदा ओढला, पदर बाजूला केला आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. पडद्याबाहेर यांच्याकडे एक नजर टाकून त्या हळूच मला म्हणाल्या, "कोणी जाळलं तुम्हाला? घाबरू नका. त्यांना बाहेर पाठवते. पोलिसांना कळवायचं असेल तर आत्ता इथूनच कळवू."

पडद्यापलीकडे हे पांढरेफटक. "मॅडम, म्या नाई... आईची आन, म्या नाई..."

तेवढ्यात बाई उठल्या आणि पडदा सारून आत आल्या. "म्या जाळलं," त्या म्हणाल्या. "सून आहे माही. छातीत दुखत होतं तिचं, म्हनून बिबा लावला."

"असं जाळून दुखणं जातं का, आजी? बघा काय केलंत. जंतू शिरले असते तर?"

"तुमी डॉक्टर लोकायनं काय केलं?" बाईंचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "काही नाई झालं म्हने. सारे म्हनत काही नाई झालं. दुखत नाई त्या बाईले काय म्या उगाच जाळीन? तुमी काही करत असान तं करा. मंग म्या नाई लावत." आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या चोळीची गाठ सोडली. छातीवर काळे, सुरकुतलेले डाग होते, एकात एक मिसळलेले, नवे जुने, डाव्या खांद्यापर्यंत गेलेले. "हे माह्या सासूनं लावले. हे माह्या हातानं. दर थंडीत लावतो. मले म्हाईत आहे न कसं दुखते थे."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आम्ही एका चुलीवर जेवत होतो. बाईंच्या छातीत दुखतं हे मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं. हे पडद्याच्या कडेला उभे होते, आईच्या छातीकडे पाहायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलेलं, आणि भिंतीला कपाळ टेकवून म्हणत होते, "माय... माय, सांगाचं तं होतं..."

"कोनाले सांगू?" बाई म्हणाल्या आणि गाठ बांधली.

फोडांवर मलमपट्टी करून आम्हाला परत पाठवलं. जखमा सुकल्याशिवाय छातीला तपासणीच्या तारा चिकटवता येणार नव्हत्या. ते दिवस बाई माझ्या आसपास मांजरीसारख्या फिरायच्या. जखम धुवायच्या, मलम लावायच्या, फुंकर घालायच्या आणि स्वतःलाच शिव्या द्यायच्या. संक्रांतीच्या सुमारास कातडी धरली आणि तपासणी झाली.

ती तपासणी म्हणजे मारहाणच. जाणूनबुजून, ठरवून केलेली. पुन्हा मनगटातून तार गेली, पण या वेळी नुसते फोटो काढून थांबले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मी औषध सोडणार आहे. तुमचं नेहमीचं दुखणं येऊ शकतं. आलं की सांगा." मी जागी होते. दिव्याकडे पाहत होते. आणि ते आलं. थंडी नव्हती, बादली नव्हती, राग नव्हता, तरी त्या चकचकीत खोलीत ते सरळ माझ्या उरावर येऊन बसलं आणि पिळायला लागलं.

"तेच दुखतंय?"

"तेच. तेच!"

"मला इथे दिसतंय," त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "रक्त जितकं वाढायला हवं तितकं वाढत नाही. बारीक वाहिन्या आवळतायत. शोभाताई, तुमचं दुखणं खरं आहे. आता उतारा देते." मी हसत होते की रडत होते कोण जाणे, सिस्टर म्हणाली दोन्ही. जन्मात कोणी मला इतका मार दिला नसेल आणि इतकं सुखही.

गोळ्या सुरू झाल्या. जिभेखाली ठेवायची एक छोटी गोळी दिली, ती मी अजूनही पदराच्या गाठीला बांधून फिरते. फरक पडला, पूर्ण नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं की एका नव्या औषधाचा अभ्यास चाललाय, त्यात याल का. तिथल्या एका जणीनं कॅमेऱ्यासमोर बसवून सगळं मराठीत समजावलं. काही जणींना औषध मिळेल, काही जणींना तशीच दिसणारी नुसती गोळी. कोणाला काय, ते तुम्हाला कळणार नाही, आम्हालाही कळणार नाही. कधीही सोडून जाता येईल. त्रास झाला तर आमची जबाबदारी.

"म्हनजे उंदीर करून राह्यले तुले," हे बाहेर आल्यावर म्हणाले.

मी म्हटलं, "नवं बियानं आलं की आपन काय करतो? एका तासाले लावतो, बाजूच्या तासाले जुनंच राहू देतो. मंग कळते. मी एक तास."

"अन् खोटी गोळी भेटली तं?"

"तं दुसरीले खरी भेटली असन ना."

हे बोलायला फार मोठं वाटतं. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की माझ्यासारख्या बाईला दुखतं, हे कुठेतरी शिकलेल्या माणसांच्या दप्तरी लागेल. मी सही केली. मला खरी मिळाली की खोटी ते आजही माहीत नाही. काही दिवस मी वावराचं ते टोक गाठते आणि वाटतं खरीच आहे. काही दिवस हापशीशीच गुडघे टेकते आणि त्या गोळीला, ती बनवणाऱ्याला, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालते.

बाईंनी विचारलं होतं, "मले घेतात का त्याच्यात?" त्यांचं वय बसत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, अभ्यासाचं सोडा. मी तुमची तपासणी करते, औषध देते. पुढच्या खेपेला यांच्यासोबत या." बाई खूश झाल्या. कधी नव्हे ते गाडीत गुणगुणत आल्या. पण पुढच्या खेपेच्या वेळी वांगी तोडणीला आली. "वांगे निंगू दे," त्या म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, मेथी पिवळी पडून राह्यली. मी भांडले. हेही भांडले, गाडी दाराशी आणून हॉर्न वाजवत राहिले. बाईंनी टोपलं डोक्यावर घेतलं आणि वावराची वाट धरली. "पुढच्या खेपेले येतो म्हनलं ना. पळून चालली काय म्या?"

शिवरात्र जवळ आली होती. थंडी जाता जाता एकदा उलटून चावते, तशी ती सकाळ होती. बाई विहिरीच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी पाठमोरी होते. आवाज आला नाही, पण मी वळले. त्यांची मूठ छातीवर होती आणि तोंड उघडं. तो चेहरा मी आरशात पाहिला होता. धावले, पदराची गाठ दातानं तोडली, गोळी त्यांच्या जिभेखाली घातली. "माय वं," त्या म्हणाल्या. "फाडून राह्यलं वं, शोभा. फाडून राह्यलं." यांनी उचललं. पुन्हा तीच गाडी, तीच पोती, तोच वर्ध्याचा रस्ता. बाईंचं डोकं माझ्या मांडीवर. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्या काटकुळ्या हातात इतकी ताकद कुठून आली देव जाणे, नखं आत शिरली, रक्त निघालं. मी हात सोडवला नाही. पाय झाडत होत्या. फुलकोबीचे गड्डे गाडीतून उडून रस्त्यावर पडत होते. रेल्वे फाटकाच्या अलीकडे नखं सैल पडली.

तेरवीला मांडवात गाव बसलं होतं. पुरुष समोर, बाया भिंतीकडे. जेवणं झाली, पानं उचलली, आणि यांच्या नात्यातले एक काका, गावात ज्यांचा शब्द चालतो असे, मोठ्यानं म्हणाले, "म्हातारी नशीबवान. कोनाले तरास नाई देला. चालता बोलता, सुखानं गेली." सगळ्या माना हलल्या. सुखानं गेली, सुखानं गेली.

मी परात हातात घेऊन मधून जात होते. ती परात मी जमिनीवर अशी आपटली की कुत्री पळाली.

"सुखानं नाई गेली," मी म्हटलं. सासरच्या इतक्या पुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते. "पाय झाडून झाडून गेली. दुखत होतं तिले. माह्या लग्नाच्या आधीपासून दुखत होतं. तुमच्या या मांडवातल्या एकानं तरी कधी विचारलं का तिले, कुठी दुखते म्हनून?"

काका म्हणाले, "दिवाकर, सुनेले आत ने."

हे उठले. मला वाटलं, आता हात धरून ओढतील. ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मुंडन केलेलं डोकं, डोळे लाल. "खरं आहे," ते म्हणाले. "माह्या मायले दुखत होतं. मले नाई समजलं."

मग भिंतीकडून, बायांमधून, मंदाचा आवाज आला. ती मान खाली घालून बसली होती, तशीच म्हणाली, "शोभा, मलेबी दुखते वं. दोन थंड्या झाल्या."

तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. आणि तिच्या बाजूला बसलेली बोलली, "मलेबी."